वीस लाख चिठ्ठ्या, पाच हजार माणसे: रिखार्ड वोसिड्लो यांच्या संग्रहाचे प्रकरण

उत्तर जर्मनीतल्या रोस्टॉक विद्यापीठात एक भिंत खालपासून वरपर्यंत लहान लहान खणांनी भरलेली आहे. प्रत्येक खणात चिठ्ठ्या उभ्या लावलेल्या आहेत. एखाद्या चिठ्ठीवर म्हण, एखादीवर कोडे, कुठे चार ओळींत भुताची गोष्ट, तर कुठे नांगराच्या एखाद्या भागाचे गावठी नाव. हा रिखार्ड वोसिड्लो यांचा संग्रह. कागद सगळे मिळून सुमारे २० लाख, समोर बसून सांगणारी माणसे सुमारे ५,००० आणि पत्रे लिहून मदत करणारे सुमारे १,४००. लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या एका शाळामास्तरांनी सुट्ट्यांच्या आणि रविवारच्या जोरावर, पंचावन्न वर्षे खपून हे उभे केले.

या आकाराचे कौतुक होतेच, आणि ते रास्त आहे. पण लोकसाहित्य गोळा करणाऱ्याला या प्रकरणातून शिकायचे आहे ते वोसिड्लो यांच्या एका साध्या निर्णयातून. लोक जे बोलतील ते विषयाप्रमाणे तोडायचे आणि एका गोष्टीला एक चिठ्ठी द्यायची, असा तो निर्णय होता. त्यामुळेच संग्रह इतका वाढू शकला. आणि त्यामुळेच सांगणारे माणूस एका खणात, त्याची गोष्ट दुसऱ्या खणात आणि त्याच दुपारी त्याने म्हटलेले गाणे तिसऱ्या खणात जाऊन पडले. पुढच्या पिढ्यांना ही ताटातूट निस्तरावी लागली.

मुलूख

मेक्लेनबुर्ग हा बाल्टिक समुद्राला लागून असलेला सपाट, तळ्यांनी भरलेला मुलूख. १९१८ पर्यंत तिथे श्वेरिन आणि श्ट्रेलिट्झ अशी दोन संस्थाने होती आणि दोन्ही मिळून १९०० च्या सुमारास लोकसंख्या सात लाखांच्या आसपास. जमीन मुख्यतः मोठ्या जमीनदारांकडे. कुळांना उठवून त्यांची शेते आपल्या शेतात मिळवून घेण्याचा जमीनदारांचा उद्योग इथे शतकानुशतके चालला, त्याला जर्मनमध्ये ‘बाउअर्नलेगन’ असा खास शब्दच आहे. वेठीची गुलामी १८२० मध्ये कायद्याने संपली, पण मोकळा झालेला मजूर राहणार कुठे, हे जमीनदाराच्या परवानगीवरच अवलंबून राहिले. घर नाही म्हणून लग्न नाही, अशी कित्येकांची स्थिती होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथून माणसांचे लोंढे अमेरिकेला गेले ते यामुळे. १७५५ च्या करारावर चाललेला कारभार १८४९-५० चा अल्प काळ सोडला तर १९१८ पर्यंत तसाच होता आणि तो अल्प काळ वगळता या भागाला आधुनिक राज्यघटना नव्हती.

हे आधी सांगायचे कारण असे की पुढे येणाऱ्या बहुतेक कोड्या-कहाण्या याच मजुरांच्या, मेंढपाळांच्या, गवळ्यांच्या, जुन्या शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांच्या तोंडच्या आहेत. ते बोलत ‘प्लाट’, म्हणजे सखल भागातली जर्मन. शाळा, चर्च, कोर्ट यांची भाषा वरची, प्रमाण जर्मन. प्रमाण भाषेत कोणी प्रश्न विचारला की मजूर सावध होई, कारण त्या भाषेत त्याला आजवर हुकूम, उपदेश आणि दंड एवढेच ऐकायला मिळाले होते.

वोसिड्लो यांचा जन्म २६ जानेवारी १८५९ चा, टेसिनजवळच्या फ्रीडरिखसहोफ या शेतवाडीवरचा. वडील जमीनदार, पण ते लवकर गेले. मुलाचा बराच काळ रिब्नित्झ गावाजवळ कोर्कवित्झला नातलगांच्या शेतावर गेला आणि प्लाट त्यांच्या जिभेवर तिथे बसली. रोस्टॉक, लाइपत्सिश आणि बर्लिन इथे प्राचीन भाषांचे शिक्षण घेऊन १८८६ मध्ये ते म्युरित्झ तळ्याकाठच्या वारेन गावी शाळेत लागले. १९२२ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, नोकरी तिथेच झाली. योगायोग असा की त्याच १८८६ साली बर्लिनकडून येऊन वारेनवरून रोस्टॉक आणि समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणारा रेल्वेमार्ग सुरू झाला. शनिवारी शाळा सुटल्यावर गाडीने निघावे, एखाद्या छोट्या स्टेशनावर उतरून पायी गावे करावीत आणि सोमवारी वर्गात हजर व्हावे, हे त्या मार्गामुळे जमण्यासारखे झाले.

आधीच्या संग्रहाची उणीव

त्यांच्या आधी मेक्लेनबुर्गच्या दंतकथा कोणी जमवल्याच नव्हत्या असे नाही. कार्ल बार्च या प्राध्यापकांचे दोन जाड खंड १८७९-८० मध्ये निघाले होते. पण त्यातला पुष्कळसा मजकूर पाद्री, शिक्षक, शेतमालक अशा शिकलेल्या मंडळींनी लिहून पाठवलेला आणि बहुतेक प्रमाण जर्मनमध्ये उतरवलेला होता. गोष्ट कळते, पण बोलणाऱ्याचा आवाज कळत नाही. १८३५ पासून चाललेल्या मेक्लेनबुर्ग इतिहास मंडळाने १८९० मध्ये लोकपरंपरेच्या नव्या, सविस्तर संग्रहाचे काम वोसिड्लो यांच्यावर सोपवले, तेव्हा त्यांनी पहिली अट स्वतःवर घातली ती भाषेची. जे जसे उच्चारले तसे प्लाटमध्ये टिपायचे. त्यांची मूळ ओढही भाषेचीच होती. म्हणी, वाक्प्रचार, शब्द यांपासून त्यांनी सुरुवात केली, गोष्टी नंतर आल्या. चिठ्ठीची पद्धत त्यांना इतकी सहज का वाटली, याचे उत्तर इथे आहे. कोशकार शब्दाला चिठ्ठी देतो. वोसिड्लो यांनी तीच सवय गोष्टीला, प्रथेला आणि समजुतीलाही लावली.

बोलते कसे करायचे

मजकूर दोन वाटांनी येई. एक वाट पत्रांची: वर्तमानपत्रांतून आवाहने करायची आणि गावोगावच्या शिक्षकांना प्रश्न पाठवायचे. दुसरी वाट स्वतः जाऊन बसण्याची. पत्रांनी मुलूख झाकला जातो, एकाच कोड्याची पन्नास गावांतली रूपे मिळतात आणि म्हणून नकाशा मांडता येतो. पण पत्र लिहिणारा मास्तर नकळत भाषा सुधारतो, अश्लील किंवा शिवराळ भाग गाळतो आणि ‘गावातली एक म्हातारी’ एवढेच लिहून नाव सोडून देतो. प्रत्यक्ष बैठकीत हे तिन्ही दोष टळतात. मात्र एका माणसाला किती गावे होणार?

बैठकीची रीत वोसिड्लो यांनी १९०६ मध्ये एका सविस्तर लेखात मांडली. संग्रह करण्याच्या तंत्रावर इतके नेमके लिहिणारे त्या काळात फार थोडे होते. तिचा गाभा असा की आधी द्यायचे, मग मागायचे. ‘तुम्हाला जुन्या गोष्टी येतात का?’ हा प्रश्न विचारला की उत्तर हटकून ‘नाही’ येते. त्यात लबाडी नसते. माणसाला स्वतःला जे रोजचे वाटते त्याला तो ‘गोष्ट’ म्हणत नाही. म्हणून संग्राहकाच्या डोक्यात आधीच शेकडो कोडी, म्हणी, यमके तयार हवीत. त्यातले एखादे टाकले की समोरचा आपसूक म्हणतो, ‘आमच्याकडे असं नाही म्हणत’, आणि त्याचे रूप बाहेर येते.

सुरुवात निरुपद्रवी गोष्टींनी करायची. पक्षी काय बोलतात, घंटा काय म्हणते, कीर्रकीर्र करणारी गाडी काय म्हणते, हे सांगायला कोणालाच भीती वाटत नाही. उत्तर जर्मनीत पिवळ्या भारिटाच्या शीळेत लोकांना शेतकऱ्याशी चाललेले बोलणे ऐकू येते: हिवाळ्यात तो ‘मला तुझ्या कोठारात घे रे’ म्हणून गयावया करतो आणि उन्हाळ्यात पोट भरले की त्याच कोठाराची टर उडवतो. मजूर हे सांगताना हसतो आणि संकोच गळतो. अशा प्राणी-पक्ष्यांच्या बोलण्याचाच पुढे संग्रहमालेचा अख्खा दुसरा खंड झाला.

मग कोडी. कोड्यात चढाओढ असते, म्हणून ती चारचौघांत विचारायची. ‘पांढरं छपरावर फेकलं, पिवळं खाली आलं’, याचे उत्तर अंडे, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक असते. पण कोणी एकाने ते म्हटले की दुसरा त्याच्यापेक्षा कठीण काढतो. तासाभरात वीस-तीस मिळून जातात. म्हणी आणि वाक्प्रचार मात्र विचारून मिळत नाहीत, ते बोलण्याच्या ओघात पकडावे लागतात. भुते, चेटकिणी, सैतान आणि जमिनीखाली राहणारी बुटकी माणसे, ज्यांना मेक्लेनबुर्गमध्ये ‘उन्नरिअर्डशे’ म्हणतात, यांचा विषय ओळख मुरल्यावर.

सगळ्यात शेवटी रोग उतरवण्याचे मंत्र. यांची अडचण वेगळी आहे. मंत्र पुरुषाने बाईला आणि बाईने पुरुषाला द्यायचा, उगाच उघड केला तर त्याची ताकद जाते, असा तिकडचा समज होता. त्यामुळे हा विषय चारचौघांत काढला की मंत्र तर मिळत नाहीच, आणि ज्या बाईला तो येतो ती पुढच्या खेपेला दारही उघडत नाही. चुकीच्या क्रमाने विचारल्याने एक अख्खे गाव बंद होऊ शकते.

सुगीच्या दिवसांत शेतावर जाण्याचे आणखी एक कारण होते. कापणीच्या वेळी मालक किंवा पाहुणा शेतात आला की पेंढ्या बांधणारी बाई त्याच्या दंडाला गवताचा बंध बांधते, एक यमक म्हणते आणि सुटकेसाठी पैसे मागते. ती यमके घरात बसून विचारली तर दोन ओळी आठवतात, शेतात आठ. मेक्लेनबुर्गच्या कापणीच्या प्रथांवरचे त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. त्यातली बारीक माहिती वाचताना जाणवते की हे काम चालू असताना पाहणाऱ्याचे लिखाण आहे.

टिपण आणि त्यातली गळती

समोर वही उघडली की बोलणारा थबकतो, म्हणून सुटे कागद आणि तुटक टिपणे. इथे गळती सुरू होते, आणि ती सगळ्या प्रकारांत सारखी नसते. कोडे दोन ओळींचे, त्याचे शब्द ठरलेले, ते जसेच्या तसे उतरते. म्हण तशीच. दंतकथा पाच-सहा वाक्यांत मावते. पण अर्धा तास चालणारी राजकन्येची लांबलचक कहाणी हाताने लिहिणाऱ्याच्या आवाक्याबाहेरची. तिची फक्त हाडे उरतात: ‘तीन भाऊ, धाकटा मूर्ख, म्हातारीला भाकरी’ असे खुणेचे शब्द. वोसिड्लो यांच्या संग्रहात छोटे प्रकार इतके भक्कम आणि लांब कहाण्या इतक्या कृश का, याचे उत्तर त्या मुलखातल्या लोकांच्या आवडीत शोधू नये. ते टिपणाऱ्याच्या हाताच्या वेगात आहे. मेक्लेनबुर्गमध्ये कहाण्या कमीच होत्या असा निष्कर्ष या संग्रहावरून कोणी काढला तर तो फसेल.

चिठ्ठी

आता मुख्य पायरी. समजा एका मेंढपाळाने एका दुपारी सात गोष्टी सांगितल्या: दोन कोडी, एक म्हण, मेंढीच्या रोगाचे गावठी नाव, करकोच्याला उद्देशून मुले म्हणतात ते यमक, सरकवलेल्या बांधाच्या दगडाची भुताटकी आणि एका क्रूर जमीनदाराची आख्यायिका. घरी आल्यावर याच्या सात चिठ्ठ्या होतात आणि त्या सात खणांत जातात. चिठ्ठीवर मजकूर, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव, तेही बहुधा संक्षेपात. शिवाय पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून, जुन्या दप्तरांतून काढलेल्या उताऱ्यांच्या चिठ्ठ्या त्याच खणांत मिसळतात.

या पद्धतीचा फायदा खरा आणि मोठा आहे. अंड्याच्या कोड्याचा खण ओढला की त्याची साऱ्या मुलखातली रूपे एका मुठीत येतात. पुढच्या शनिवारी निघताना कुठल्या कोड्याचे कुठल्या भागातले रूप नाही ते तिथल्या तिथे दिसते आणि तेच विचारता येते. संग्रह स्वतःच पुढचा प्रश्न सुचवतो. वीस लाख कागद पंचावन्न वर्षांत म्हणजे सरासरी दिवसाला शंभर. वहीत क्रमाने लिहिणाऱ्या माणसाला इतक्या मजकुरात दहाव्या वर्षीच काही सापडेनासे झाले असते.

तोटा असा की बांधाच्या दगडाची गोष्ट नेमक्या कुठल्या खणात टाकायची हे एकदाच ठरवावे लागते. उत्तर जर्मनीत ही गोष्ट गावोगाव आहे. शेजाऱ्याची जमीन लाटायला दगड सरकवणारा माणूस मेल्यावर तापलेला दगड खांद्यावर घेऊन रात्री फिरतो आणि विचारत राहतो की हा ठेवू कुठे. कोणीतरी म्हणतो, जिथून उचललास तिथे, आणि तो सुटतो. ही भुताची गोष्ट, की जमिनीच्या तंट्याची? आगीच्या गोळ्यांबद्दलच्या समजुतींत घालायची, की सुटका मिळालेल्या आत्म्यांत? सांगणारा मेंढपाळ होता की ज्याची जमीन खरोखर गेली असा शेतकरी, यावर तिचा अर्थ बदलतो. चिठ्ठीवर नाव आहे, पण त्या दुपारी तिच्या आधी आणि नंतर तो माणूस काय बोलला हे चिठ्ठी सांगत नाही. बांधाच्या गोष्टीनंतर लगेच जमीनदाराची आख्यायिका आली होती ही बाब, जी कदाचित सर्वांत बोलकी होती, ती कात्रीत गेली.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे आणि आज कोणीही असे काम हाती घेतले तर त्याने तो पहिल्या दिवसापासून करावा. मूळ टिपणाच्या प्रत्येक पानाला क्रमांक द्यायचा, पानावरच्या प्रत्येक नोंदीला उपक्रमांक द्यायचा आणि चिठ्ठी करताना दोन्ही तिच्या कोपऱ्यात लिहायचे. चिठ्ठी कुठल्याही खणात गेली तरी परत आपल्या जागी येऊ शकते. मूळ पाने फाडायची नाहीत की टाकायची नाहीत. वोसिड्लो यांच्या बाबतीत मदतनिसांची पत्रे जपली गेली, म्हणून पुढे बरीच जुळवाजुळव होऊ शकली.

छापील पुस्तके का रखडली

‘मेक्लेनबुर्गच्या लोकपरंपरा’ या मालेचा पहिला खंड, कोड्यांचा, १८९७ मध्ये विस्मार इथल्या हिन्स्टॉर्फ प्रकाशनाने काढला. प्राण्यांचा दुसरा १८९९ मध्ये, बाळसंगोपनाचा तिसरा १९०६ मध्ये. चौथा, मुलांच्या यमकांचा, १९३१ मध्ये. तिसऱ्या आणि चौथ्या खंडांत पंचवीस वर्षांचे अंतर! मधल्या काळात हात थांबला नव्हता, उलट संग्रह झपाट्याने वाढत होता. अडचण तीच होती. प्रत्येक नवे रूप आले की क्रम हलतो आणि छापखान्याकडे निघालेले हस्तलिखित पुन्हा जुने होते.

त्यांनी छपाई मागे ठेवून जमवण्याला पुढे ठेवले, ते बरोबरच होते. १८२० च्या आधीची वेठ ज्यांनी आईबापांच्या तोंडून ऐकली होती ती माणसे १८९० मध्ये सत्तरीत होती. शिडाच्या जहाजांवर उमेद घालवलेले खलाशी १९२० च्या दशकात म्हातारे झाले होते. खण नंतरही उघडता येतो, त्या माणसांना गाठण्याची मुदत ठरलेली होती. त्या खलाशांच्या भाषेचा आणि जीवनाचा ग्रंथ वोसिड्लो यांच्या मृत्यूनंतर पाउल बेकमान यांनी पुरा करून १९४० पासून काढला.

छपाईपेक्षा वेगळ्या मार्गाने थोडे परतही गेले. कातणीच्या संध्याकाळी शेतकऱ्याच्या घरात जमलेली मंडळी, त्यांची कोडी, गाणी, थट्टा हे सगळे गुंफून त्यांनी एक नाटुकले रचले. ते १९०१ मध्ये छापले गेले आणि स्थानिक मंडळांनी त्याचे प्रयोग केले. रोस्टॉक विद्यापीठाची सन्मान्य डॉक्टरेट त्यांना १९०६ मध्ये मिळाली.

चिठ्ठीची पद्धत जिथे पूर्णपणे फळली ते काम म्हणजे शब्दकोश. रोस्टॉकचे प्राध्यापक हेर्मान टॉयखर्ट यांच्याबरोबर मेक्लेनबुर्गी बोलीचा कोश त्यांनी हाती घेतला. पहिला भाग १९३७ मध्ये छापून आला, पहिला खंड १९४२ मध्ये पुरा झाला आणि सातवा, शेवटचा, १९९२ मध्ये. मध्ये एक महायुद्ध झाले, देशाची फाळणी झाली, देश पुन्हा एक झाला आणि दोन्ही मूळ संपादक जाऊन कितीतरी वर्षे लोटली. तरी काम अडले नाही, कारण कोशाचे एकक शब्द आहे आणि शब्दाला चिठ्ठी पुरते. जिथे एकक माणूस आहे तिथे ती पुरत नाही.

एकच खण, दोन राजवटी

वोसिड्लो ४ मे १९३९ रोजी वारेनमध्ये वारले. त्याच वर्षी त्यांच्या दंतकथांचे दोन खंड निघाले. १९३३ नंतरच्या नाझी सत्तेला शेतकऱ्याच्या साध्याभोळ्या, भूमीशी जडलेल्या जीवनाचे गोडवे हवे होते आणि या वयोवृद्ध, लोकप्रिय संग्राहकाचा गौरव तिच्या सोयीचा होता. गवताचे बंध, कातणीच्या संध्याकाळी, बुटकी माणसे यांचे खण उघडले की तसे चित्र तयारही होते.

मग राज्य बदलले. पूर्व जर्मनीत वोल्फगांग श्टाइनित्झ यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या विज्ञान अकादमीत लोकसंस्कृतीची संस्था उभी राहिली आणि तिची शाखा म्हणून १९५४ मध्ये रोस्टॉकला वोसिड्लो संशोधन केंद्र सुरू झाले. आता दुसरे खण उघडले गेले. १९६० मध्ये गिझेला श्नाइडेविंड यांनी ‘मालक आणि चाकर’ या अर्थाच्या नावाने सरंजामशाहीविरोधी दंतकथांचा संग्रह काढला. मजुराला चाबकाने मारणारा जमीनदार मेल्यावर शिरविरहित घोड्यांच्या गाडीतून रात्री फिरतो, अशा जातीच्या त्या गोष्टी. गॉटफ्रीड हेन्सेन यांनी १९५० च्या दशकात कहाण्या आणि गमतीच्या गोष्टी निवडून काढल्या, झीगफ्रीड नॉयमान यांनी १९६३ मध्ये विनोदी लोककथा.

दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या खऱ्याच होत्या, एकही बनावट नाही. पण विषयवार खणांतून हवा तो विषय उचलता येतो, आणि उरलेले खण बंद असल्याचे वाचकाला कळत नाही. त्याच मेंढपाळाने एका दमात बुटक्या माणसांची आणि क्रूर जमीनदाराची, अशा दोन्ही गोष्टी सांगितल्या असतील तर त्याचे जग त्या दोन्हींचे मिळून होते. एका राजवटीने त्यातले अर्धे छापले, दुसरीने उरलेले अर्धे. पूर्ण मेंढपाळ कोणालाच दिसला नाही. नॉयमान यांचे मोठेपण यात आहे की त्यांनी पुढे संग्रहाकडे सांगणाऱ्या माणसांच्या बाजूने पाहायला सुरुवात केली: कोणी किती सांगितले, कोणाच्या भात्यात काय होते, कोण विनोदी आणि कोण गंभीर.

जुळवाजुळव

१९९० च्या दशकाअखेर संग्रह रोस्टॉक विद्यापीठाकडे आला. जर्मन संशोधन निधीच्या मदतीने २०१० ते २०१४ या काळात क्रिस्टोफ श्मिट आणि संगणकशास्त्रज्ञ होल्गर मायर यांच्या नेतृत्वाखाली त्याचे अंकीकरण झाले आणि २०१४ मध्ये ‘वोसिडिया’ नावाने तो जगाला खुला झाला.

यात छायाचित्रे काढणे हा सोपा भाग. अवघड भाग सांधण्याचा. नेहमीच्या तक्त्यात एका नोंदीला एक विषय, एक गाव असे रकाने असतात. म्हणजे खणांची तीच भिंत पुन्हा संगणकात उभी राहिली असती. त्याऐवजी इथे ‘हायपरग्राफ’ ही रचना घेतली. साध्या जाळ्यात एक धागा दोनच गाठी जोडतो. हायपरग्राफमध्ये एकच दुवा चिठ्ठी, सांगणारा, गाव, तारीख, विषय आणि ज्या पत्रातून ती आली ते पत्र यांना एकत्र धरतो. तीच चिठ्ठी एकाच वेळी ‘भुताटकी’तही आहे, ‘बांधाच्या तंट्या’तही आहे आणि त्या मेंढपाळाच्या दुपारीतही आहे. वोसिड्लो यांनी जे एकदाच ठरवले होते ते आता पुन्हा उघडे ठेवता येते.

पण हे सांधायला नाव वाचता यावे लागते, आणि इथे कामाला वेळ लागतो. चिठ्ठ्या कुरेंट या जुन्या जर्मन वळणात आहेत. त्यात ‘ई’ (e) आणि ‘एन’ (n) ही अक्षरे जवळजवळ सारखीच दिसतात, आणि ‘यू’ हे ‘एन’पासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्याच्यावर छोटी चंद्रकोर काढतात. घाईत ती चंद्रकोर सुटली की संपले. १९४१ पासून हे वळण शाळांतून शिकवणे बंद झाले, त्यामुळे आजच्या जर्मन विद्यार्थ्यालाही ते वेगळे शिकावे लागते. प्रमाण जर्मन मजकूर असेल तर संदर्भावरून शब्दाचा अंदाज बांधता येतो. प्लाटचे शुद्धलेखन ठरलेले नाही, संग्राहकाने उच्चार टिपलेला आहे, म्हणून अंदाजाचा आधारही जातो. गावांच्या नावांचे आणखी वेगळे. मेक्लेनबुर्गमध्ये ‘मोठे’ आणि ‘छोटे’ अशा जोड्या पुष्कळ, वारेनजवळच ग्रोस प्लास्टेन आणि क्लाइन प्लास्टेन आहेत, आणि चिठ्ठीवर नुसते ‘प्लास्टेन’ असले तर सांगणारा कुठल्या गावचा? मजुरांची बिऱ्हाडे तर एका शेतवाडीवरून दुसरीवर हलत राहत. तेच आडनाव दोन वर्षांनी दुसऱ्या गावात दिसले तर तो तोच माणूस की दुसरा, हे पत्रे आणि तारखा लावून पाहावे लागते.

शेजारच्या डेन्मार्कमध्ये एव्हाल्ड टांग क्रिस्टेन्सेन या दुसऱ्या शाळामास्तरांनी त्याच काळात असाच अफाट संग्रह केला. त्यांच्या क्षेत्रवह्यांची पाने क्रमाने राहिल्यामुळे कोणत्या घरी कोणी काय सांगितले हे अमेरिकेतल्या तिमोथी टँगरलिनी यांना माणसागणिक मांडता आले. आता डेन्मार्क, नेदरलँड्स आणि मेक्लेनबुर्ग या तीन ठिकाणच्या दंतकथा ‘इसेबेल’ नावाच्या सामाईक शोधयंत्रातून एकत्र पाहता येतात. तापलेला दगड खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस सीमेपलीकडे कुठल्या रूपात आहे, हे विचारायला आता रेल्वेने जावे लागत नाही.

मात्र शोधयंत्राला सापडतो तो वाचून टंकलेला मजकूर. नुसत्या छायाचित्रातली चिठ्ठी डोळ्यांना दिसते, शोधाला दिसत नाही. म्हणून रोस्टॉकमधल्या कामाचा रोजचा भाग आजही तोच आहे: एक चिठ्ठी पडद्यावर मोठी करायची, ‘यू’वरची चंद्रकोर शोधायची, गाव मोठे की छोटे ते पत्रांवरून ताडून पाहायचे आणि त्या मेंढपाळाच्या सातपैकी आणखी एक गोष्ट त्याच्या नावाखाली आणून ठेवायची.